घरातले दोन-चार संगणक बिनतारी जोडताना आधी भिंती पाहाव्यात

आमचे अमळनेरचे घर दोन काळांत बांधले गेले आहे. रस्त्याकडचा भाग सिमेंट-काँक्रीटचा आणि दुमजली आहे. मधले अंगण ओलांडले की मागे आजोबांनी बांधलेले धाब्याचे घर लागते, ज्याच्या मातीच्या भिंती जवळजवळ दोन फूट जाडीच्या आहेत. या घरात तीन संगणक आहेत. पुढच्या खोलीत थोरल्या भावाचा, ज्यावर आमच्या कृषी केंद्राचा हिशेब असतो. वरच्या मजल्यावर पुतणीचा लॅपटॉप. आणि मागच्या घरात माझा जुना डेस्कटॉप व त्याला जोडलेला प्रिंटर. हे तिन्ही एकमेकांना जोडताना मी उलट्या क्रमाने गेलो, म्हणजे आधी उपकरण विकत आणले आणि मग घराकडे पाहिले. पुढे दिलेला क्रम त्या चुकीनंतर सुधारलेला आहे, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या नातेवाइकांच्या घरी तो मी पुन्हा पुन्हा वापरला आहे.

आधी कागदावर

सुरुवात कागद-पेनाने करावी. कोणता संगणक कोठे असतो, त्यांपैकी कोणता जागचा हलत नाही, आणि कोणाकडून कोणाकडे काय जाते-येते, असे तीन रकाने पुरतात. तिसऱ्या रकान्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, कारण वाय-फाय चांगले चालते याचा अर्थ आपण व्हिडिओ अडखळत नाही एवढाच घेतो. इंटरनेट वापरणे आणि एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर नेणे ही दोन निराळी कामे आहेत. फायबरचे कनेक्शन ५० एमबीपीएसचे (सेकंदाला ५० मेगाबिट, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट) असो वा ३०० चे, घरातल्या घरात फाइल पाठवताना त्या आकड्याला काही अर्थ नसतो. तेथे राउटर आणि संगणक यांच्यातली जोडणी किती वेगाने चालते एवढाच प्रश्न असतो.

शिवाय दोन्ही संगणक एकाच राउटरच्या वाय-फायवर असतील तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा पाठवणाऱ्याकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून घेणाऱ्याकडे. एका चॅनलवर, म्हणजे वाय-फायच्या लहरींच्या एका ठरावीक वाटेवर, एका वेळी एकच उपकरण बोलू शकत असल्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. त्या दोघांपैकी एक जरी केबलने राउटरला जोडला, तरी हा गेलेला निम्मा वेग परत मिळतो. त्यामुळे बिनतारी जाळ्याची पहिली पायरी थोडी विचित्र वाटेल अशी आहे: जो संगणक जागचा हलत नाही आणि राउटरजवळ आहे, त्याला तार लावावी.

हिशेबाच्या संगणकाला तर लावावीच. हिशेबाचे सॉफ्टवेअर एका संगणकावरचा डेटा दुसऱ्यावरून उघडत असेल आणि नोंद लिहिली जात असताना जोडणी क्षणभर तुटली, तर नोंद अर्धवट राहण्याचा किंवा फाइल बिघडण्याचा धोका असतो. व्हिडिओ क्षणभर थांबला तर कोणाचे नुकसान होत नाही, पण खताच्या गोण्यांचा साठा चुकला तर हंगामभर तो हिशेब जुळत नाही.

सिग्नल मोजणे

दुसरी पायरी मोजणीची आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. अँड्रॉइड फोनवर वाय-फायची तीव्रता आकड्यात दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. फोन हातात घेऊन प्रत्येक संगणकाच्या जागी उभे राहावे आणि आकडा लिहून घ्यावा. हा आकडा डीबीएम या एककात, ऋण चिन्हासह येतो आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ पर्यंत घरातले कोणतेही काम नीट होते. उणे ७० च्या पुढे मोठ्या फाइली रेंगाळू लागतात. उणे ८० च्या पलीकडे जोडणी टिकतच नाही. या मोजपट्टीवर १० ने घसरण म्हणजे पोहोचणारी शक्ती दहाव्या हिश्श्यावर येणे, म्हणून ६५ आणि ७५ यांतला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा फार मोठा असतो.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि दोन्हींची मोजणी वेगवेगळी करावी. पहिल्या पट्ट्याची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, तर दुसऱ्याची साडेपाचच्या आसपास आहे. ५ गिगाहर्ट्झचा वेग बराच जास्त असतो, पण भिंत आली की तो लवकर थकतो. आमच्याकडे पुढच्या खोलीत आकडा उणे ४० होता आणि वरच्या मजल्यावर उणे ६२. मागच्या धाब्याच्या घरात मात्र २.४ वर उणे ८४ आणि ५ वर जाळ्याचे नावसुद्धा दिसत नव्हते.

भिंत कशाची आहे यावर पुष्कळ ठरते. प्लायवूडचे पार्टिशन किंवा चार इंची विटांची भिंत सिग्नल फारसा अडवत नाही. नऊ इंची भिंत बऱ्यापैकी अडवते, आणि लोखंडी सळया असलेला स्लॅब त्याहून जास्त. जाड मातीची भिंत, विशेषतः पावसाळ्यात ओल धरलेली, त्याहूनही वाईट, कारण पाणी रेडिओलहरी शोषून घेते. पत्रा, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा तर लहरी परतच पाठवतात. आत्याच्या घरी चोपड्याला राउटर धान्याच्या लोखंडी कोठीच्या मागे ठेवलेला होता आणि घरातले सगळे कंपनीला नावे ठेवत होते. तो कोठीवर, थोडा पुढे आणून ठेवल्यावर स्वयंपाकघरातला आकडा १४ ने सुधारला.

हीच तिसरी पायरी आहे. काहीही विकत घेण्याआधी राउटर हलवून पाहावा. तो घराच्या मध्याजवळ, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर असावा. फायबरचा डबा तंत्रज्ञ ज्या खिडकीतून वायर आत आणतो तिथेच बसवून जातो, पण तो तिथेच राहिला पाहिजे असा नियम नाही. फायबर तीव्र कोनात वाकवली की आतली काच तुटते, त्यामुळे ती स्वतः ओढाताण करून हलवू नये. तंत्रज्ञाकडून दहा-पंधरा फूट आत घेऊन घ्यावी.

धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांसारख्या भागात, जिथे घराला घर लागून आहे, तिथे अडचण भिंतीची कमी आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची जास्त असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनल तेरा दिसत असले तरी एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. अ‍ॅपमध्ये या तिघांपैकी ज्यावर गर्दी कमी दिसेल ते राउटरमध्ये निवडावे आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केली तर वेग वाढण्याऐवजी सगळ्या गल्लीशी भांडण सुरू होते. अशा वस्तीत शक्य ते सर्व संगणक ५ गिगाहर्ट्झवर न्यावेत, तिथे ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ ही चॅनल सोयीची पडतात.

कोणती पद्धत घ्यावी

इतके झाल्यावरच पद्धत निवडण्याची वेळ येते. दोनच संगणक असतील आणि महिन्यातून एखाद्या वेळी फोटो किंवा कागदपत्रे न्यायची असतील, तर वेगळ्या उपकरणाची गरज नाही. विंडोज १० व ११ मध्ये असलेला मोबाइल हॉटस्पॉट एका लॅपटॉपलाच छोटा राउटर बनवतो आणि आठ उपकरणांपर्यंत जोडून घेतो. मात्र तो लॅपटॉप बंद झाला की जाळेही बंद होते, म्हणून रोजच्या कामासाठी हा मार्ग नाही. ब्लूटूथने संगणक जोडता येतात हे खरे, पण प्रत्यक्ष वेग दोन एमबीपीएसच्या आसपास राहतो. एक जीबीची फाइल त्यावरून पाठवायला तास उलटून जातो. ब्लूटूथ माउस आणि कीबोर्डपुरते ठेवावे.

तीन-चार संगणक आणि सर्वांच्या जागी आकडा उणे ६७ च्या आत, अशी स्थिती असेल तर एकच चांगला राउटर पुरे. येथे पिढ्यांचे क्रमांक समजून घ्यावेत. २००९ सालचे मानक म्हणजे वाय-फाय ४, २०१३ सालचे वाय-फाय ५, आणि त्यानंतरचे वाय-फाय ६. ही सोपी नावे २०१८ पासून प्रचारात आली. आज नवा राउटर घ्यायचा तर दोन्ही पट्ट्यांचा वाय-फाय ६ घ्यावा. वाय-फाय ७ साठी दोन-चार संगणकांच्या घराने जास्तीचे पैसे घालवावेत असे मला वाटत नाही, कारण राउटर कितीही नवा असला तरी जुना लॅपटॉप आपल्याच पिढीच्या वेगाने चालतो. खोक्यावर छापलेला वेग दोन्ही पट्ट्यांची बेरीज असतो आणि प्रयोगशाळेतला असतो. एका संगणकाला त्याचा लहानसा हिस्साच मिळतो. खोक्यावर त्यापेक्षा दुसरी गोष्ट पाहावी, ती म्हणजे केबलची पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसची) आहेत की १०० एमबीपीएसची. पुष्कळ स्वस्त राउटरांमध्ये वाय-फाय वेगवान आणि पोर्ट मात्र १०० चीच असतात.

ज्या डेस्कटॉपला वाय-फाय नाही त्याला यूएसबी अडॅप्टर लागतो. तो दोन्ही पट्ट्यांचा घ्यावा आणि संगणकाच्या मागे भिंतीकडे खुपसून न ठेवता हातभर एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणावा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट मिसळतो, त्यालाही या अंतराने आळा बसतो.

एखादी खोली उणे ७५ च्या पलीकडे राहते तेव्हा खरी निवड करावी लागते, आणि माझी चूक येथेच झाली. मी सरळ रिपीटर आणला आणि मागच्या घरात, माझ्या टेबलाशेजारी लावला. फोनवर सगळ्या रेघा भरल्या आणि वेग होता तेवढाच राहिला. कारण साधे आहे: रिपीटर नवा सिग्नल निर्माण करत नाही, तो मिळालेलाच पुढे पाठवतो, आणि उणे ८४ च्या जागी ठेवला तर तेच मोडके बोलणे मोठ्या आवाजात सांगतो. रिपीटर सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी, उणे ६५ च्या आसपास ठेवावा लागतो. तिथेही तो त्याच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग अर्धा होतो. प्रिंटरसाठी किंवा मोबाइलसाठी एवढे चालते. संगणकांमधल्या फाइलींसाठी मी तो कोणाला सुचवत नाही.

मेश म्हणजे एकाच नावाने चालणारी दोन-तीन उपकरणे, जी एकमेकांशी बोलून सबंध घर व्यापतात. घरात फिरताना लॅपटॉप एका ठाण्यावरून दुसऱ्यावर बऱ्यापैकी सहज जातो, मांडणी फोनवरून होते आणि दुमजली सिमेंटच्या घराला ती उत्तम मानवते. पण ठाण्या-ठाण्यांतले बोलणे बिनतारीच असेल तर जाड भिंतीपुढे तिचीही रिपीटरसारखीच गत होते, आणि किंमत मात्र कित्येक पट असते.

म्हणून आमच्या घरी शेवटी ठरले ते असे: एक केबल मागच्या घरापर्यंत ओढायची आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर केवळ अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेले जाळे फक्त वाय-फायने पसरवण्यासाठी, लावायचा. पेटीत पडलेला जुना राउटरही याला चालतो. आधी लॅपटॉप त्या जुन्या राउटरला केबलने जोडून त्याच्या सेटिंगमध्ये जावे. त्याचा पत्ता, म्हणजे जाळ्यात त्याला ओळखण्याचा आयपी क्रमांक, बदलून मुख्य राउटरच्या मालिकेतला, पण वेगळा करावा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्यावा. त्यानंतर डीएचसीपी बंद करावे, म्हणजे संगणकांना पत्ते वाटण्याचे काम एकट्या मुख्य राउटरकडे राहते. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवावा, चॅनल मात्र निराळे निवडावे. शेवटी पुढच्या घरातून आलेली केबल वॅन (बाहेरून इंटरनेट आत येण्याच्या) नव्हे तर लॅन (घरातले संगणक जोडण्याच्या) पोर्टमध्ये खोचावी. ही शेवटची गोष्ट चुकली तर मागच्या घरातल्या संगणकांना मुख्य राउटरकडून पत्ताच मिळत नाही, ना इंटरनेट चालते ना पुढच्या घरातला संगणक दिसतो, आणि माणूस दिवसभर सेटिंग तपासत बसतो.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६, शुद्ध तांब्याची मागावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण लांबवर दगा देते. तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत नीट चालते. विजेच्या वायरीच्या पाइपातून केबल नेऊ नये, आणि अंगणातून उघड्यावर नेताना उन्हात टिकणारे बाह्य वापराचे आवरण असलेलीच घ्यावी, नाहीतर खानदेशातले ऊन दोन-तीन उन्हाळ्यांत तिची साल सोलून काढते.

मळ्यातले घर

रावेर-यावल पट्ट्यात राहणारा माझा मावसभाऊ मात्र वेगळ्याच अडचणीत होता. वस्तीवरच्या घरापासून तीनशे मीटरवर त्याचे केळी भरण्याचे शेड, तिथे वजनकाटा आणि त्याचा संगणक. एवढ्या अंतरावर तांब्याची केबल चालत नाही, आणि दोन इमारतींमध्ये ती टाकली तर विजेच्या कडकडाटात दोन्ही टोकांची उपकरणे जळण्याची भीती. इथे लागतो तो छतावर बसणारा, एकमेकांकडे तोंड केलेल्या दोन अँटेनांचा बिनतारी पूल. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग, त्यामुळे ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत असा पूल स्वतः उभारता येतो.

एका छतावरून दुसरे नुसते दिसले की झाले, असे मात्र नाही. लहरी सरळ रेषेत दोरीसारख्या जात नाहीत, मधोमध फुगलेल्या चिरुटाच्या आकारात जातात. तीनशे मीटरवर, ५.८ गिगाहर्ट्झला, मध्यभागी या आकाराची त्रिज्या जवळजवळ दोन मीटर असते आणि तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे सव्वा मीटर, मोकळा हवा. केळीचे खोड आणि पाने पाण्याने भरलेली असतात. लागवडीनंतर तीन महिन्यांनी जोडलेला पूल बाग वाढल्यावर आपोआप कमजोर होतो, आणि दोष मात्र उपकरणाला दिला जातो. बाग पूर्ण वाढल्यावर तिची जी उंची असेल तिच्यावर किमान दीड मीटर अँटेना येईल असा पाइप उभारावा, तो हलणार नाही असा ताणावा आणि त्याला अर्थिंग द्यावे. शेतीच्या फिडरवर वीज ठरावीक तासच असते, म्हणून शेडमधल्या टोकाला बॅटरीची सोयही आधीच धरावी.

जोडल्यानंतरच्या सेटिंग

सुरक्षेसाठी राउटरच्या यादीतून डब्ल्यूपीए ३ ही वाय-फायचे बोलणे कुलूपबंद करणारी पद्धत निवडावी. एखादे जुने उपकरण ती ओळखत नसेल तर डब्ल्यूपीए २ आणि त्यासोबत एईएस हा पर्याय. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार २००१ पासूनच फोडता येतो हे उघड झालेले आहे, तो यादीत दिसला तरी घेऊ नये. बटण किंवा आठ अंकी पिन वापरून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करावी. राउटरच्या स्वतःच्या सेटिंगचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा निराळा असतो, आणि तो कारखान्यातून आला तसाच ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली खिळ्याला टांगण्यासारखे आहे.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करावे, पण आपला एकही संगणक त्यावर ठेवू नये, कारण त्यावरची उपकरणे मुख्य जाळ्यातल्या संगणकांना पाहू शकत नाहीत. पुतणी एकदा म्हणाली, "काका, तुमचा प्रिंटर मला दिसतच नाही," तेव्हा तिचा लॅपटॉप गेस्टवर गेलेला होता.

विंडोजमध्ये प्रत्येक संगणकावर हे जाळे 'प्रायव्हेट' म्हणून नोंदवावे. 'पब्लिक' असेल तर फायरवॉल संगणकाला लपवून ठेवते. जुन्या माहितीत होमग्रुप तयार करायला सांगितलेले आढळते, पण ती सोय २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली. आता सरळ फोल्डर शेअर करावे लागते आणि त्यासाठी पासवर्ड असलेले खाते ठेवणे बरे, कारण विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून पासवर्डाशिवायच्या शेअरिंगवर बंधने आली आहेत. सबंध डी ड्राइव्ह शेअर करू नये, कामापुरते एक फोल्डर करावे. ज्या संगणकाला प्रिंटर जोडला आहे त्याला राउटरमधून कायमचा पत्ता राखून द्यावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर प्रिंटर हरवत नाही.

ऊन आणि वीज

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. पत्र्याखालच्या माळ्यावर, पश्चिमेच्या खिडकीत किंवा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान आपोआप बंद-चालू होऊ लागतो. रात्री तोच नीट चालतो, म्हणून कारण ध्यानात येत नाही. खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला, चारही बाजूंनी हवा लागेल असा तो टांगावा.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण काही ९ किंवा ५ व्होल्टचेही असतात आणि चुकीचा दाब दिला तर राउटर एका झटक्यात जातो. फायबरचा डबा, मुख्य राउटर आणि मागचा अ‍ॅक्सेस पॉइंट या तिन्हींना वीज लागते, हे गणित करतानाच लक्षात ठेवावे.

सर्व झाले की एक जीबीची एकच फाइल प्रत्येक संगणकावर पाठवून घड्याळ लावावे आणि वेळ पहिल्या कागदावर, आधीच्या आकड्याशेजारी लिहावी. शंभर एमबीपीएसच्या जोडणीला किमान ऐंशी सेकंद लागतातच, त्याहून कमी अपेक्षा ठेवू नये. आमच्या पुढच्या खोलीतून वरच्या लॅपटॉपवर आता ही फाइल अर्ध्या मिनिटात जाते, कारण ती जोडणी शंभरपेक्षा वेगवान आहे. मागच्या घरात जिथे पूर्वी पाव तासाने ती मध्येच तुटत असे, तिथे दीड मिनिट लागते, कारण माझ्या डेस्कटॉपचे नेटवर्क कार्डच शंभरचे आहे, आणि प्रिंटरच्या कामापुरते ते मला पुरते.